मशीन असताना बादली

आधी ताईंचं सांगते, मग माझं.

इथे परदेशात, पापाटोएटोच्या बाजाररस्त्यावर साड्यांचं दुकान आणि मिठाईचं दुकान यांच्या मधोमध एक फार्मसी आहे. तिथे पांढरा कोट घालून ताई उभ्या असतात. मूळच्या पुण्याच्या. इकडे येऊन पुन्हा सगळ्या परीक्षा दिलेल्या. त्यांचं नाव लिहायचं नाही, असं त्यांनीच बजावलंय. "नाव घातलंस तर बीपीची गोळी देणार नाही," म्हणाल्या. म्हणून नुसतं ताई. मी सातवीपर्यंत शिकलेली. इचलकरंजीला घरात मागावरच्या सुताच्या कांड्या भरायला माणूस हवं होतं, माझी शाळा सुटली ती सुटलीच. अशा माझ्यासारखीला वरच्या कोर्टात तीन न्यायाधीशांपुढे उभं राहून बोलायला ज्यांनी शिकवलं, त्या या ताई. हे आधी लिहून ठेवते, कारण पुढचं लिहायला लागले की आभार मानायचे राहून जातील.

आता झालं ते.

माझे मिस्टर पुकेकोहेला कांदे-बटाट्यांच्या पॅकिंग शेडमध्ये कामाला होते. आम्ही टाकानिनीला भाड्याने राहत होतो, नव्या घरांच्या रांगेत, जिथे अजून झाडं माणसाच्या कमरेएवढीच आहेत. शेडचा सुपरवायझर शेडच्या मागच्याच खोलीत एकटा राहायचा. तापट होता, पण वाईट नव्हता. माझ्या लेकीसाठी कधीमधी स्ट्रॉबेरीचं खोकं पाठवायचा. एके दुपारी कामाच्या पाळीवरून त्याचं आणि मिस्टरांचं वाजलं. मिस्टरांनी हात उगारला. मारला नाही, पण उगारलेला दहा जणांनी बघितला.

दुसऱ्या दिवशी मिस्टर सकाळी शेड उघडायला गेले, तर तो मालाच्या रॅम्पखाली पडलेला. डोकं फुटलेलं. यांनी पळत जाऊन डोकं मांडीवर घेतलं, हाका मारल्या. अंग गार पडलं होतं. फोन खिशात होता, पण तो काढला नाही. का नाही काढला, हे पुढे पोलिसांनी विचारलं, वकिलांनी विचारलं, मीही विचारलं. कालचा उगारलेला हात, त्याच नोकरीवर टेकलेला व्हिसा, परका मुलूख. हे घाबरले आणि गाडी घेऊन सरळ घरी आले.

उन्हाळ्याचे दिवस. सहालाच लख्ख उजाडलं होतं. मी दार उघडलं तर हे पायरीच्या खाली उभे.

"आत येत नाही. प्रेताला शिवलोय."

कोणाच्या, हेसुद्धा मी विचारलं नाही. डोकं चालायच्या आधी हात चालले. आमच्याकडे असं कोणी आलं की उंबरा ओलांडू द्यायचा नाही, एवढं मला चालता येण्याच्या वयापासून ठाऊक. "थांबा तिथंच," म्हणाले. बादली भरून आणली आणि अंगावरच्या कपड्यांसकट डोक्यावरून पाणी ओतलं. दुसरी बादली ओतली. टॉवेल दिला. ओले कपडे त्याच बादलीत साध्या पाण्यात बुचकळले, पिळले आणि दोरीवर टाकले. कडुलिंबाचा पाला चावायला द्यायचा असतो. तो इथे कुठला? मेथीचे चार दाणे हातावर ठेवले. मग हे आत आले, खुर्चीवर बसले आणि कोण गेलं ते सांगितलं.

"अहो, मग फोन करा ना आधी!" मी ओरडले. लेक आत झोपली होती.

हे दुसरे कपडे घालून परत शेडवर गेले आणि तिथून फोन केला. पोलिसांना म्हणाले, मी आत्ताच आलो, आत्ताच बघितलं. जाताना मला सांगून गेले, "तू झोपली होतीस. कोणी काही विचारलं तरी झोपली होतीस. या भानगडीत तुझं नाव नको." दुपारी दोन पोलीस आले. एक बाई होती, गोड बोलणारी. मी म्हणाले, मी झोपले होते.

समोरच्या घराच्या बेलमध्ये कॅमेरा होता. त्यात सगळं आलं होतं. गाडी, पायरी, हे, मी आणि बादली. मिस्टरांना खुनाच्या आरोपाखाली धरून नेलं.

खटला तीन आठवडे चालला. तो व्हिडिओ किती वेळा लावला, ते मी मोजायचं सोडून दिलं. आवाज नाही, रंग नाही, नुसती एक बाई माणसाच्या डोक्यावर पाणी ओततेय. सरकारी वकील म्हणाले, हे बघा, खून करून आला आणि रक्त धुतलं. शर्टाच्या बाहीवर पुसट डाग उरले होते. सरकारचे तज्ज्ञ म्हणाले, हे घाव घालताना उडालेले शिंतोडे. आमचे तज्ज्ञ म्हणाले, डोकं मांडीवर घेताना लागलेलं रक्त, आणि पाण्यात बुचकळल्यावर ते काय होतं हे आता कोणालाच ठामपणे सांगता येणार नाही. मला कापड कळतं. मागाच्या घरात वाढलेय मी. ओल्या सुतात डाग कसा सरकतो ते मी लहानपणी रोज बघितलंय. पण मला विचारतो कोण?

आमच्या पहिल्या वकिलांनी मला साक्षीला उभंच केलं नाही. "तुम्ही एकदा खोटं बोलला आहात. तिथे तुम्हाला फाडून खातील. उद्या तुमच्यावरही केस झाली तर मुलगी कोणाकडे?" मिस्टरांनीही मान हलवून नको म्हटलं. मी गप्प बसले. गप्प बसायला शिकवावं लागत नाही मला.

इथे खुनाचा निकाल ज्युरी देते. बारा साधी माणसं, रस्त्यावर भेटतात तशी. त्यांना आत पाठवण्याआधी न्यायाधीश समजावून सांगतात, कायद्याने काय बघायचं आणि कसं बघायचं. ते सगळं मी ऐकलं, कळलं काही नाही. बारा जण परत आले तेव्हा एकानेही आमच्याकडे बघितलं नाही, तेव्हा मात्र कळलं. जन्मठेप.

मिस्टरांना खाली नेलं. मागच्या बाकावर मेलेल्या माणसाची बहीण बसायची, ती रडत होती. मला वाटलं जावं तिच्याजवळ. पाय उचलला नाही.

त्यानंतर माझं डोकं गरगरायला लागलं. डॉक्टरांनी बीपीच्या गोळ्या लिहून दिल्या. चिठ्ठी घेऊन मी त्या फार्मसीत गेले, पिशवी उचलताना हातातून सुटली आणि तोंडातून "अगं आई गं" निघालं. काउंटरपलीकडून आवाज आला, "बस आधी. खुर्ची आहे तिथे." मराठीत. दीड महिन्यात लेकीखेरीज कोणी माझ्याशी मराठीत बोललं नव्हतं, आणि लेक तर ऐकते मराठी आणि उत्तर देते इंग्रजीत. ओळखीच्या मंडळींनी बोलणंच टाकलं होतं. मी बसले आणि जी रडले, ती रडलेच.

मी कोण ते ताईंना कळलं. बातमी सगळ्यांनी वाचली होती. त्या मागे सरकल्या नाहीत. "कागद आहेत का खटल्याचे?" एवढंच विचारलं.

कागद होते. अपिलासाठी आलेल्या नव्या वकीलबाईंनी दिलेले. सरकारच्या मदत योजनेतून मिळालेल्या या बाई फोनवर "किया ओरा", म्हणजे इथला नमस्कार, म्हणून सुरू करायच्या आणि शेवटी "पान न् पान वाचून काढा, चुकीचं काही दिसलं तर सांगा" म्हणायच्या. आता पान न् पान मी काय वाचणार? एबीसीडी येते, पाट्या वाचते. एवढंच.

दर बुधवारी ताईंची जेवणाची सुट्टी अर्धा तास. दुकानामागे फ्लूची सुई टोचायची एक खोली आहे, तिथे आम्ही बसायचो. त्या डबा उघडायच्या, एका हाताने पोळी खायच्या आणि दुसऱ्या हाताने पान उलटायच्या. मोठ्याने मराठीत सांगायच्या, आणि औषधाच्या बाटलीवर डकवतात ती चिकट लेबलं घेऊन त्यावर मराठीत लिहायच्या. कोण बोललं, काय म्हणालं. खाली मी सांगायचं, खरं की चूक. न्यायाधीशांच्या एका पानावर त्यांनी लिहिलं, "जेवणानंतर वाचणे." मी हसले. किती दिवसांनी हसले होते देव जाणे.

असं करत तिसऱ्या का चौथ्या बुधवारी बादलीचं पान आलं. ताईंनी वाचलं, "आरोपीच्या पत्नीने आरोपीचे कपडे धुऊन काढले."

"चूक," मी म्हणाले.

"चूक कसं? व्हिडिओ आहे ना गं."

"धुतले नाहीत. साबण कुठं लावला? नुसतं पाणी घातलं, प्रेताचं."

ताईंचा घास हातातच राहिला.

"थांब. सचैल स्नान घातलंस तू त्यांना?"

"तुमच्याकडं काय म्हणतात ते म्हणा. कपड्यांसकट."

"अगं, आजोबांना पोचवून बाबा आले तेव्हा आईने असंच... जिन्याखाली..." त्या बोलता बोलता थांबल्या. मग एकदम म्हणाल्या, "मशीन नव्हतं घरात?"

"होतं की."

"मग ते का नाही लावलं?"

"ताई, असं काय विचारता? त्यात लेकीचे कपडे जातात. मयताचे कपडे घालू होय त्यात?"

ताईंनी डबा बंद केला. "हे तू कोणाकोणाला सांगितलंस?"

"कोणाला? सांगण्यासारखं काय आहे त्यात? सगळेच करतात."

"इथे कोण करतं गं बाई?" त्या जवळजवळ ओरडल्या. "त्या बारा जणांपैकी एकाला तरी हे माहीत असणार होतं का?"

खरं सांगते, तोवर माझ्या ध्यानातच आलं नव्हतं. मला वाटायचं, पाणी ओतलं म्हणून लोक चिडलेत. पाणी का ओतलं हेच त्यांना ठाऊक नाही, असं वाटलंच नव्हतं. वकिलांनी विचारलं नाही, मिस्टरांनी सांगितलं नाही. कोणाला सांगायचं झालं तर आपण श्वास घेतो तेही सांगायला हवं.

त्याच दिवशी ताईंनी न्यायाधीशांचं ते "जेवणानंतर"चं पान पुन्हा काढलं. ज्युरीला ते म्हणाले होते, धुण्यासारखं काही नसेल तर माणूस पहाटे धुईल का, आणि लपवण्यासारखं काही नसेल तर खोटं बोलेल का, हे तुमच्या व्यवहारज्ञानाने ठरवा. वकीलबाईंना फोन लावला, तेव्हा त्यांनी ते पान स्वतः पुन्हा वाचलं. मग समजावून सांगितलं. खोटं बोलला म्हणजे खून केला, असं नसतं. माणूस घाबरून खोटं बोलतो, कोणाला तरी वाचवायला बोलतो. ही सावधगिरी न्यायाधीशांनी ज्युरीला द्यायला हवी होती. ती दिली नव्हती. मिस्टर मला झाकायला खोटं बोलले होते, आणि ते सांगणारी मीच बाहेर बसले होते.

"पण तुम्हाला उभं राहावं लागेल," वकीलबाई म्हणाल्या. "आणि खोटं बोलले हे कबूल करावं लागेल." त्यांनी आधी मला दुसऱ्या वकिलाकडे पाठवलं, फक्त माझ्यापुरता सल्ला घ्यायला. त्यांनी धोका समजावला. धोका होताच. माझ्यावर बालंट आलं असतं तर लेक कुठे गेली असती, हा विचार करून करून मी स्वयंपाकात दोनदा मीठ घालायला लागले.

तुरुंगात भेटायला गेले तेव्हा मिस्टर म्हणाले, "नको. मी आत आहे तेवढं पुरे."

"आता तुम्ही झोपा," मी म्हणाले. "या वेळी तुम्ही झोपला होता." लग्नाच्या चौदा वर्षांत मी त्यांना असं पहिल्यांदा बोलले.

ताईंनी तयारी करून घेतली. त्या वकील नव्हेत, काय बोलायचं ते त्यांनी एकदाही सांगितलं नाही. कसं थांबायचं तेवढं शिकवलं. "विचारलं तेवढंच. डोससारखं. जास्त झालं की विष." मी पाल्हाळ लावते हे त्यांना माहीत झालं होतं. मधे मधे त्या सरकारी वकील व्हायच्या, चष्मा नाकावर ओढून. मी चुकले की म्हणायच्या, "साइड इफेक्ट!"

एका बुधवारी त्यांचा फोन वाजला आणि त्यांचा चेहरा पांढरा पडला. पुण्याहून होता. आई चौऱ्याऐंशीची, एकटी, बाई ठेवलेली. त्या दिवशी काही विशेष नव्हतं, गॅस संपला होता. फोन ठेवून त्या म्हणाल्या, "मला एकाच फोनची भीती वाटते गं. तो येईल तेव्हा मी इथे असेन. आणि इथे मला कोण पाणी घालणार? आमचे हे म्हणतील, थोतांड आहे, शॉवर घे." त्या हसल्या. मी हसले नाही.

अपिलाचा दिवस आला. कोर्टात मिस्टर बाजूला बसलेले, दोन पोलिसांच्या मधे, वाळलेले. मागच्या बाकावर ती बहीण. तिच्यामागे ताई, सुट्टी काढून आलेल्या, मांडीवर पर्स धरून. ताईंची आई आदल्याच दिवशी दवाखान्यात ॲडमिट झाली होती. हे मला नंतर कळलं. कोर्टात फोन बंद ठेवावा लागतो. रात्री उशाशी घेऊन झोपायचा फोन त्यांनी माझ्यासाठी बंद केला होता.

मला शपथ दिली. शेजारी दुभाषी बाई. सरकारी वकील उंच, आवाज हळू. ओरडले असते तर बरं झालं असतं.

"तुम्ही पोलिसांना सांगितलं, तुम्ही झोपला होता."

"हो."

"ते खोटं होतं."

"हो."

"मग आज आम्ही तुमच्यावर विश्वास का ठेवायचा?"

याची तयारी केली नव्हती. मागे बघायचं नाही असं ठरवलं होतं, म्हणून बघितलं नाही. "ठेवायचा का नाही ते तुमचं," मी म्हणाले. "तेव्हा घाबरून खोटं बोलले. आज घाबरतच खरं बोलतेय."

ते पानं चाळत राहिले. मग म्हणाले, "तुमच्या घरात वॉशिंग मशीन होतं?"

"होतं."

"चालू होतं?"

"हो."

"साबणाची पावडर होती?"

"होती."

"घरात चालू मशीन आणि पावडर असताना तुम्ही सकाळी सहाला अंगणात बादली घेतली. आवाज होऊ नये म्हणून ना?"

त्यांना वाटलं, इथे मी सापडले. मला तर हसू यायच्या बेतात होतं, कारण बादलीचं पान आलं त्या दिवशी ताईंनी हेच विचारलं होतं.

"मशीन आत होतं. हे आत आले नव्हते," मी म्हणाले. "प्रेताला शिवलेला माणूस पाणी घेतल्याशिवाय आत येत नाही. ते कपडे घरातल्या कपड्यांत जात नाहीत. साबण लावत नाहीत. नुसतं पाणी."

आणि थांबले. कपडे रस्त्याकडच्या दोरीवर टाकले होते, लपवायचं असतं तर तिथे टाकले असते का, हे जिभेच्या टोकावर आलं होतं. पण विचारलं नव्हतं. डोस. मी ओठ दाबून धरले.

मधल्या न्यायाधीश बाई होत्या. त्यांनी पेन खाली ठेवलं. "कपडे कुठे वाळत घातले?"

"पुढच्या दोरीवर. रस्त्याकडे."

"आणि नंतर काय केलंत?"

"मेथीचे चार दाणे दिले, चावायला."

"ते कशासाठी?"

"कडुलिंब नव्हता म्हणून."

दुभाषी बाईंनी सांगितलं तसं न्यायाधीशांनी लिहून घेतलं. त्यांच्या शेजारचे म्हातारे न्यायाधीश माझ्याकडे बघतच राहिले. सरकारी वकील म्हणाले, अजून प्रश्न नाहीत.

बाहेर येऊन ताईंनी फोन सुरू केला. तो थरथरतच राहिला, एकामागून एक मिस्ड कॉल. त्यांनी भिंत धरली. मी त्यांचा दंड धरला. पलीकडून आवाज आला आणि त्या जमिनीवरच बसल्या. आई बरी होती, चहा मागत होती. "किती वेळ लावलास," म्हणून लेकीवरच रागावली होती.

निकाल यायला सात आठवडे लागले. वकीलबाईंचा फोन आला तेव्हा मी फार्मसीतच होते, बुधवार होता. शिक्षा रद्द. ज्युरीला सावध करायला हवं होतं ते केलं नाही, आणि पाण्याचा खुलासा त्यांच्यापुढे आलाच नाही, म्हणून तो निकाल टिकत नाही. पुन्हा खटला चालवायचा. म्हणजे सुटका नव्हे. ताई काउंटरवर गिऱ्हाइकाला खोकल्याचं औषध देत होत्या. मी नुसती मान हलवली, त्यांनी मापाचा चमचा द्यायचा विसरून बाटली देऊन टाकली आणि मग त्या माणसामागे रस्त्यावर धावल्या.

मिस्टर जामिनावर घरी आले, पायात पोलिसांचं पाळतीचं कडं घालून. गाडीतून उतरले आणि पायरीच्या खाली उभेच राहिले. तीच जागा. समोरच्या बेलचा कॅमेरा आमच्याकडे बघत होता.

"पाणी घालणार आहेस?" त्यांनी विचारलं.

"तुरुंगातून आलेल्याला काय करतात ते मला माहीत नाही," मी म्हणाले. "या आत."

लेक दारात होती. वर्षभर तिने बाबाला काचेपलीकडून बघावं तसं बघितलं होतं. "स्वीट ॲज, बाबा," ती म्हणाली, इथली पोरं 'मस्त' अशा अर्थाने म्हणतात तसं, आणि त्यांच्या पोटाला मिठी मारून रडायला लागली.

चार महिन्यांनी सरकारने कळवलं की पुन्हा खटला चालवणार नाही. पायातलं कडं काढलं. हे निर्दोष आहेत असं कोणी म्हटलं नाही, सोडलं म्हणाले फक्त. तो माणूस कसा मेला, कोणी मारलं, हे अजून कळलेलं नाही. त्याच्या बहिणीला आम्ही पत्र पाठवलं. उत्तर आलं नाही, यायलाच हवं असंही नाही. दर वर्षी त्या दिवशी मी अंगणात एक तांब्या पाणी ओतते. त्याचं डोकं माझ्या घरच्या माणसाच्या मांडीवर होतं, तेवढं नातं.

बुधवारी मी अजून जाते. आता डबा मी नेते. ताई म्हणतात, "हिशोब चुकता झाला, आता पुरे." झालेला नाही.

ताई, हे अभद्र वाटेल, आणि तो दिवस लांब राहो, तुमच्या आईला शंभर वर्षं पुरी होवोत. पण तो फोन आला की पहिला मला करा. टाकानिनीहून तुमच्या दारापर्यंत मी येईन, बादली घेऊन येईन. तुमचे हे काही म्हणोत, शेजाऱ्यांचा कॅमेरा बघत असो. तुम्ही पायरीच्या खाली नुसत्या उभ्या राहा. पाणी मी घालेन, आणि कोणी विचारलं तर काय केलं, कशासाठी केलं, हे मी मोठ्याने सांगेन. मेथीचे दाणे पदराच्या गाठीला बांधूनच ठेवलेत.